सात मिलिमीटर

सुपडू अहिरे खुर्चीत बसतो तेव्हा
क्लॅरिनेटची पेटी मांडीवरच ठेवतो.
खाली ठेवा म्हटलं, तर म्हणतो,
राहू द्या बाई, तिला फरशी गार लागते.

मी आधी आरसा घालते, मग काठी,
बारीक, खुणा पाडलेली, टोकाला बोथट.
दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत
ती किती बुडते ते मोठ्यानं सांगते,
हर्षाली लिहून घेते:
तीन. पाच. पाच. सहा.
वरच्या पुढच्या दाताशी सात.
मागच्या दाढेशी नऊ.
रक्त येतं, मुकाट, कुणी न मारता.

तीस वर्षं मिसरी. तीस वर्षं लग्नं:
चोपडा, धरणगाव, शिरपूर, पार सेंधव्यापर्यंत,
घोड्यापुढे उलटं चालत,
नवरदेवाकडे तोंड करून वाजवलेली.
वरचे दोन दात मुखनळीवर टेकतात
आणि सगळी वरात त्या दोघांच्या भरवशावर.
"दात हालना का बाई," तो म्हणतो,
"सूर बी हालना."

दोन गुरुवार मी नुसतं खरवडलं.
दगड झालेली घाण, चण्याच्या टरफलाएवढ्या कपच्या.
हे आधी, मी म्हटलं. बाकी सगळं याच्यानंतर.
हे टाळलं तर बाकीचं काहीच नाही.

कुर्बान तडवी स्वतःच्या दाढेसाठी आला होता.
अडावदच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी,
कांद्याच्या बियाण्यावर त्याच्या चाळीस पेट्या.
फी म्हणून त्यानं काळपट गोळा पुढे केला,
बोटांना चिकटणारा, सालईच्या धुरासारखा वास.
म्हणाला, झाडाच्या जखमेवरची राळ माशी उचलते,
तोंडात मळते, पेटीची फट लिंपते.
एकदा थंडीत उंदीर शिरला.
डंख मारून मारला, पण ओढून नेणार कोण?
मग त्याच्यावरच लिंपत बसल्या.
फाल्गुनात झाकण काढलं तर उंदीर तसाच,
मिशांसकट.
वास नाही.

रात्री मी शोधनिबंध उघडले.
कुठे वीस रुग्ण, कुठे चाळीस, तीन महिने,
आकडे बरे, आणि शेवटी सगळीकडे तेच वाक्य:
अधिक अभ्यासाची गरज आहे.
कुर्बानचा गोळा मी कागद उडू नयेत म्हणून ठेवला
आणि त्याच राळेचं जेल नाशिकहून मागवलं, सीलबंद.

बोथट सुईनं सातच्या तळाशी सोडलं.
सुपडूनं तोंड वाकडं केलं.
"मधना घरनं हाई, नि कडू?"
मध त्यांच्या जेवणाचा, मी म्हटलं,
हे त्यांच्या दाराचं.

तेव्हा त्यानं पेटी उघडून दाखवली:
काळ्या नळीचे तुकडे, सांध्यांवर दोरा,
दोऱ्यावर घासायला मेणाची गोळी,
बापाच्या वेळची, बोराएवढी उरलेली.
हवा गळू नये म्हणून, तो म्हणाला,
आणि स्वतःच थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला.

मिसरीची डबी त्यानं बायकोकडे दिली.
तिनं ती फेकली नाही, सुया ठेवल्या तिच्यात.

तीन महिन्यांनी: दोन. तीन. तीन. तीन.
सातचे चार.
नऊची दाढ गेली ती गेली.
खरवडण्याचं किती, जेलचं किती, सुयांच्या डबीचं किती,
हा हिशेब मला लावता येत नाही.
एका माणसाच्या तोंडावरून
लावूही नये.

मार्गशीर्षातली रात्र. यावल रोडनं वरात येते,
जनरेटरची गाडी, दिवे डोक्यावर घेतलेल्या बाया,
आणि ढोलताशाच्या वर, एकटा,
तो चढतो. चढून थांबतो. थांबून राहतो.
मी हातातली काठी तशीच धरून
खिडकीकडे वळते.
हर्षाली पेन उचलते.

"किती, मॅडम?"