चौथी हालचाल

तांडापेठेतल्या मनपा शाळेच्या हॉलात
पहाटे साडेपाचला फरशी गार असते,
मे महिन्यात तेवढीच काय ती गार.
पुढं आठ-नऊ वर्षांची पोरं,
सगळ्यात मागं मी, बेचाळीस वर्षांची,
फॉल-पिको अन् ब्लाउज शिवणारी.
गी माझा मीच शिवला, मांजरपाटाचा,
काखेत कळी टाकून,
म्हणजे हात वर गेला तरी शिवण बोलत नाही.

खरं तर क्लास पोरीचा होता.
पिवळा पट्टा मिळाला अन् तिचं मन उडालं.
फी भरलेली होती, तीन महिन्यांची.
म्हणून मी आले.

पराते सर आधी मागावर बसायचे.
मोजतात अजून तसंच, पायानं.
एकवीस हालचाली,
अन् सुरू केली तिथंच संपली पाहिजे काता.
माझी संपते खिडकीपाशी.
"ताई, अर्धी फरशी कुठं खाल्ली?"
पोरं हसतात. सर हसत नाहीत.

डावीकडे वळा, खाली अडवा.
एक पाऊल, ठोसा.
मागं फिरा, खाली अडवा.
मग ती चौथी:
अडवलेला हात झटक्यानं मागं ओढायचा,
डोक्यावरून फिरवून आणायचा,
मुठीचा हातोडा.
"कोणी मनगट धरलं, तर."
कोण धरते? समोर तर नुसती हवा,
अन् भिंतीवर पाढ्यांचा तक्ता.

हे आपलं पेपर कटिंगच झालं.
छाती छत्तीस, मुंढा सात,
बाईचा पत्ता नाही.

"अन् सर, हा दुसरा हात
दरवेळी कमरेशी काहून आणायचा?
रिकामाच तर असते."
सर पट्टा बांधत होते.
"उसवून पाह्य," म्हणाले.

उसवणं मला येते.
कोणाचंही शिवलेलं उसवलं की कळते
कुठं घाई झाली, कुठं कापड कमी पडलं.
पण हाताला शिवण कुठं असते?
रात्री मशीनवर बसून
मी मनगट उलटंसुलटं पाहत राहिले.
कूलरचं पाणी संपलं, ते लक्षातच नाही आलं.

बुधवारी नाईक तलावाच्या वळणावर,
दिवेलागणीला,
एक जण मोटरसायकल चालू ठेवून उभा,
दुसऱ्यानं माझं मनगट धरलं.
तेच. उजवं.
अन् चौथी हालचाल आलीच नाही.
ना हातोडा, ना किआई.
तोंडातून निघालं "अरे, अरे",
दुधाचं पातेलं उतू गेल्यावर निघते तसं.
पिशवी गेली. हेडाऊ बाईंचे चार ब्लाउज गेले,
लग्न रविवारी.

धूळ बसली तेव्हा पाहिलं:
डावा हात कमरेशी होता.
मूठ वळलेली, पालथी नाही, उताणी,
सर सांगतात तश्शी.
उघडली.
आत एक बटण.

चौकीत शिपाई म्हणाला, वर्णन सांगा.
मी म्हटलं, चार भोकांचं,
पण टाका दोनच भोकांतून.
मशीनचा, शेवटी गाठ नाही.
सदरा रेडिमेड, एकदाही धुतलेला नाही,
धाग्याला खळ आहे अजून.
"बाई, माणसाचं सांगा."
माणसाचं मला काही दिसलं नव्हतं.
त्यानं लिहिलं, अज्ञात इसम.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं.
शाबास म्हणाले नाहीत, अरेरे पण नाही.
बटण पाहिलं, परत दिलं,
अन् माझं मनगट धरलं.
सूत ओढून ओढून टणक झालेली बोटं.
"आता."
नाही सुटलं.
"आता."
पोरं दप्तरं घेऊन निघून गेली,
हॉलात ऊन आलं,
मनगटावर लाल कडं उमटलं,
अन् कधीतरी, तिसाव्यांदा की चाळिसाव्यांदा,
त्यांच्या अंगठ्याच्या फटीतून
हात माझा मला परत मिळाला.
सर मागं सरकले, अर्धं पाऊल.
तेवढंच.

मग एकटीनं पूर्ण केली, एकवीस.
कमरेशी येणारा हात आता
रिकामा आहे असं वाटत नाही मला,
काहीतरी ओढून आणत असतो तो,
बाही, कॉलर, जे हाती लागेल ते.
संपली तेव्हा खिडकी दोन फरश्या लांब होती.
जागा अजून चुकतेच.

बटण मी गीला लावलंय, आतून,
चारही भोकांतून, गाठ मारून.
हेडाऊ बाईंचे अस्तराचे पैसे
अजून द्यायचे आहेत.