बेअरिंग

झुराबने ड्रम हाताने फिरवला, कान लावला,
आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात
तसं मला बाल्कनीत नेऊन सांगितलं:
बेअरिंग गेलंय.

मला ते महिनाभर ठाऊकच होतं.
कपडे पिळायला लागलं की मशीन असं ओरडायचं
की खालचा किरिले झाडूच्या दांड्याने छत ठोकायचा.

"पूर्वी नुसतं बेअरिंग बदलता यायचं," झुराब म्हणाला.
"आता टब कारखान्यातच सांधून बंद करतात.
कापावा लागेल. करवतीने, मधोमध, कलिंगडासारखा.
मग बेअरिंग, मग गोंद, मग स्क्रू.
टिकलं तर पाच वर्षं,
नाहीतर स्वयंपाकघरात तळं.
अडीचशे लारी. नवं हजाराला येतं.
विचार करा."

विचार करा.

हे मशीन एतेरीच्या पहिल्या पैशांतलं.
नेपल्सला जाऊन तिला तीन महिने झाले होते.
आस्सुंताबाई नावाच्या म्हातारीला उठवायचं,
न्हाऊ घालायचं, रात्री दोनदा कूस बदलून द्यायची.
मी म्हटलं, आधी खिडक्या करू, कुताइसीचा वारा तुला माहीत आहे.
ती म्हणाली, आधी मशीन.
तुझ्याच्याने हाताने धुणं व्हायचं नाही.

खरंच होतं. पांढरे कपडे वेगळे धुतात
हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी फोनवर कळलं.
ती तिकडून सांगायची,
मी इकडे सालोमेचं नेलपॉलिश घेऊन
चाळीस अंशांवर एक लाल ठिपका,
लोकरीवर दोन.
ठिपके अजून आहेत.
सालोमे बातुमीला बँकेत आहे.

परवा भांडी विसळताना लक्षात आलं,
अकरा वर्षांत
या मशीनचं बटण एतेरीने एकदाही दाबलेलं नाही.
तिने ते फोटोत पाहिलंय
आणि फोनवर ऐकलंय,
मागे काय घुमतंय रे?
तुझं मशीन.

तिला सांगितलं तर ती काय म्हणेल ते ठरलेलं आहे:
जुन्यात पैसे घालू नकोस, नवं घे, मी पाठवते.

मी पाठवते.
याचा हिशेब मला पाठ झालाय.
दर वर्षी ती म्हणते, यंदा द्राक्षांच्या वेळी येते,
कायमची.
मग सालोमेची फी, मग माझी दाढ,
मग गॅसचा पाइप,
काहीतरी गळतं, काहीतरी अडतं,
आणि द्राक्षं मी आणि किरिले तुडवतो,
एकमेकांशी न बोलता.
म्हणून मी घरात दारंसुद्धा हळू लावतो.

झुराबचं म्हणणं, भावनेत येऊ नका.
जुन्या मशीनला वीज जास्त लागते, पाणी जास्त लागतं.
सगळं कबूल.
मी दोन रात्री कागदावर मांडून पाहिलं,
नवंच जिंकलं. दोन्ही रात्री.

रविवारी मी त्याला करवत घेऊन बोलावलं.

जमिनीवर जुनी चादर, त्यावर टब.
अर्धं कापून झालं आणि फोन वाजला.
कसला आवाज आहे?
किरिले कपाट करतोय.
रविवारी?
रविवारी.
घरात सगळं ठीक ना?
झुराब करवत वर धरून
छताकडे बघत राहिला.
ठीक आहे, मी म्हटलं. द्राक्षं यंदा लवकर पिकतील असं दिसतंय.
पलीकडे म्हातारीने घंटी वाजवली. फोन बंद.

टबाचे दोन भाग झाले.
आत राखाडी चिखल, वीस तेत्रीचं नाणं,
सालोमेची पिन,
आणि एक निळं बटण.
एतेरी गेली तेव्हा तिचा एक झगा दारामागे राहिला होता.
तो मी उगाच धुतला होता.
दोनदा.

झुराबने बटण नखाने खरवडून पाहिलं, विचारलं, तुमचं?
मी ते खिशात टाकलं.

गोंद लावून, स्क्रू आवळून तो हात धुवायला उठला.
"चोवीस तास सुकू द्या. घाई केलीत तर गळेल."

मी म्हटलं, अठ्ठेचाळीस ठेवू.