एक तासाच्या आत

लॅबमधली मुलगी मान वर न करता म्हणाली,
घरून आणणार असाल तर एक तासाच्या आत आणा,
आणि अंगाशी धरून. गार होता कामा नये.

म्हणून मी, हीट ट्रीटमेंट ऑपरेटर,
वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस,
सकाळी आठ सतराला
शर्टाच्या आत, बनियनच्याही आत
झाकणाची एक डबी घेऊन
किसननगरातून स्कूटर काढली.
वॉचमन म्हणाला, आज उशीर?
मी एका हातानं छाती दाबून धरलेली.
त्याला वाटलं असेल, दुखतंय.

तीन हात नाक्याचा सिग्नल एकशेचाळीस सेकंदांचा.
मी एकेक सेकंद मोजला.
शलाका सहा वर्षं असंच मोजते,
हे मला एकशेदहाव्या सेकंदाला कळलं.
बाराव्या दिवसाची सोनोग्राफी, चौदाव्याची,
एकविसाव्या दिवसाचं रक्त,
मग अठ्ठाविसावा,
मग बाथरूममधला नळ बराच वेळ चालू.

तिची फाईल मी एकदा उचलून पाहिली होती.
दोन किलोचा गिअर असतो, तेवढी.
तिच्यात नळ्यांचा एक्सरे आहे, आत रंग सोडून काढलेला.
त्या दिवशी ती रिक्षानं एकटीच आली
आणि संध्याकाळी पोळ्या केल्या.
थायरॉइड, साखर, देवरुखच्या कुणाची तरी मुळी,
कोपिनेश्वराचे अकरा सोमवार.
माझी फाईलच नव्हती.
मला कुणी विचारलं नव्हतं,
मीही नाही.

नौपाड्यातला जिना चढलो तेव्हा
एकतीस मिनिटं झाली होती.

चौथ्या दिवशी एक पान मिळालं.
डॉक्टरबाईंनी पेन्सिलीनं आकड्याखाली रेघ ओढली.
संख्या कमी,
आणि जे आहेत ते जागच्या जागी घुटमळणारे.
आवाज न बदलता म्हणाल्या,
कारण बाईत असतं, पुरुषात असतं, दोघांत असतं,
कधी सगळं शोधूनही कुणातच सापडत नाही.
काम काय करता?

भट्टीवर. साडेआठशे डिग्री.
नऊ वर्षं तिच्या तोंडाशी.
तंबाखू?
थोडी.
शलाकानं माझ्याकडे पाहिलं.
बरीच.

शरीरानं ही एक वस्तू मुद्दाम बाहेर ठेवलीय, म्हणाल्या,
दोन-तीन डिग्री गारव्यासाठी.
आणि मला आठवलं, गावी फ्रीज नव्हता तेव्हा
आई दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायची,
वर ओरडायची, चुलीपासून लांब रे, लांब.

तापमानाचं मला शिकवायला नको.
भट्टीचा काटा चुकला की गिअरचा दात तुटतो
हे मी नव्या पोरांना शिव्या घालून सांगतो.

भट्टीच असेल असं नाही, त्या म्हणाल्या.
शिरा सुजल्यात का बघू, हार्मोन बघू.
नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने जातात.
तंबाखू सोडा. दुसरं खातं मिळतं का विचारा.
वचन काही दिलं नाही त्यांनी.

घरी आई कपाटातून साडी काढत होती,
चुलतभावाच्या बायकोचं उद्या डोहाळजेवण.
शलाकाला म्हणत होती, तू नको येऊस,
उगाच लोक
मी म्हणालो, आई, कमी माझ्यात आहे.
कागद तिच्या साडीवर ठेवला.
सहा वर्षं दार सताड टाकून जी बोलत आली
ती उठली, कडी लावली,
म्हणाली, हळू बोल, शेजारी ऐकतील.

शलाका मेथी निवडत होती.
हसली की काय, मला नीट कळलं नाही,
पाठ होती माझ्याकडे.

मी कडी काढली.
समोरच्या सकपाळकाकू कचऱ्याची बादली घेऊन उभ्या.
मी तेच वाक्य परत म्हणालो, होतं त्याच आवाजात.
तंबाखूशिवायचा पहिला दिवस,
जीभ कोरडी, हात थरथरत होता,
पण शब्द स्वच्छ आले.