मधली

फतेहगंजातून दांडिया बाजारात जायला
काळ्या घोड्याचा पूल लागतो.
नऊ वर्षं मी त्या पुलावरून
दोन भावांचे निरोप वाहिले.
जाताना एकाचा, येताना दुसऱ्याचा,
आणि पुलाच्या बरोब्बर मध्यावर
थोडाथोडा बदलून.

सुमंतदादा म्हणायचा,
"त्याचं नाव काढू नकोस या घरात."
मी एलियाला सांगायचे,
"दादा तुझं विचारत होता."
एलिया म्हणायचा,
"मेलो की काय ते बघत असेल."
मी दादाला सांगायचे,
"त्यानं सलाम सांगितलाय."
खाली विश्वामित्रीच्या काठावर
मगर उन्हाला पडलेली असायची,
जबडा उघडा टाकून, न हलता.
पुलावरची माणसं एकमेकांना म्हणायची,
किती शांत आहे बघा.

एका नाताळात हेलनवहिनी म्हणाली,
"दीना, तू आहेस म्हणून हे घर उभंय."
मी करंजीला मुरड घालत होते,
घालतच राहिले.
पाळकसाहेबांनी तर उपदेशात
समेट करणाऱ्यांचा विषय काढला
आणि माझ्या बाकाकडे बघून हसले.
मी मान खाली घातली.
मंडळीला वाटलं, नम्रता.

भांडण तसं एका ओळीचं.
आई गेली त्या रात्री,
दादा म्हणतो, कळवलं तरी आला नाही.
एलिया म्हणतो, कळवलंच नाही.
दोघंही खरं बोलत होते.

निरोप माझ्याकडे होता.
मोठ्या दवाखान्याच्या लाकडी बाकावर,
रात्री पावणेदोनला दादा म्हणाला,
"एलियाला बोलाव. आई काही टिकत नाही."
मी फोन हातात घेतला
आणि तीन रात्रींची झोप
एकदम अंगावर कोसळली.
जाग आली तेव्हा नर्स
चादर तोंडावर ओढत होती.
"कळवलंस ना?"
"हो."

त्या "हो"वर
नऊ वर्षं मी पट्ट्या बांधत होते.
आत जखम, वर माझी सुबक गाठ.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी
दानाची थैली माझ्यापाशी आली.
निळ्या मखमलीची, आईनंच शिवलेली.
मूठ आत घातली, पण उघडेना.
पन्नासची नोट तशीच हातात घेऊन
गीत संपायच्या आत मी उठले,
दारातल्या चपलांत
कुणाची तरी एक घालून निघाले.

दादा तापानं घरीच होता.
ऐकताना चहावर साय धरली,
त्यानं ती बोटानं काढलीही नाही.
मग पूल. या वेळी थांबले नाही,
बदलायला काही नव्हतंच.
एलिया लसूण सोलत होता.
सगळा गड्डा सोलून झाला
तेव्हा म्हणाला, "जा तू, ताई."

आता दोघंही माझ्याशी बोलत नाहीत.
वहिनीकडून कळलं,
गुरुवारी रात्री दादानं त्याला फोन लावला.
चाळीस मिनिटं.
सगळा वेळ माझ्यावरच.
लबाड, आतल्या गाठीची,
लहानपणीसुद्धा गूळ खाऊन
मांजराचं नाव सांगायची.
"आणि दीना," वहिनी हळूच म्हणाली,
"गुळावर दोघं हसले."

मला आनंद झाला असं म्हणणार नाही.
मी रडले. मग भांडी घासली.
जळलेलं पातेलं दोनदा.

काल दादा नेहमीच्या बाकावर होता.
एलिया उशिरा आला,
त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.
मध्ये एका माणसाची जागा सुटली.
मी मागे, भिंतीशी, कुरकुरत्या पंख्याखाली.
थैली त्या बाकावर पोचली,
दादानं हात लांब केला,
मग एलियानंही, जरा वाकून.
खाली पडली नाही.

ती मागे येईतो दुसरं गीत सुरू झालं.
आत हात घातला तेव्हा
बोटांना आईची शिवण लागली,
जाड दोऱ्याची, थोडी तिरपी.
दोन रविवारचं दान सोडलं.
पुढून कुणी
मागे वळून पाहिलं नाही.