दोन विमानांच्या मधे

ॲग्नेलच्या नव्या अल्बममध्ये ड्रम्स नाहीत.
हे त्याने मला सांगितलं नाही,
सीडीच्या पाठीवर वाचलं मी,
चष्मा कपाळावर ढकलून.

अकरा वर्षं तो माझ्या डाव्या हाताला उभा असायचा
आणि आम्ही दोघं मिळून
कॉलेजांची पत्र्याची छपरं हादरवायचो.

आता हे : एक लाकडी गिटार,
कोले-कल्याणच्या गावठाणात, आईच्या स्वयंपाकघरात,
खिडक्यांना गोधड्या अडकवून.
पलीकडे धावपट्टी. दर तीन मिनिटांनी विमान.
म्हणून गाणी आखूड,
दोन विमानांच्या मधे मावतील एवढीच.

पहिल्यात तो आईचं गाणं म्हणतो,
मे महिन्यात बाटली मसाला कुटताना बायका म्हणायच्या ते,
आणि मागे अंगठ्यांनी छेडलेला म्बिरा,
हरारेचा एक गोलकीपर
थकलेल्या भाड्याच्या बदल्यात ठेवून गेलेला.
मुसळ चारात, म्बिरा बारात,
एकाची सुरुवात दुसऱ्याच्या पोटात.
मी असतो तर म्हटलं असतं, थांब, पहिल्यापासून.
तो थांबत नाही.
मग कधीतरी दोघं एकाच पायरीवर बसतात,
घाम पुसतात,
उठून आपापल्या वाटेने जातात.

दुसऱ्यात ऊद आहे.
तिसऱ्यात जवळजवळ काहीच नाही,
खोकला, खुंटी पिळल्याची कुरकुर,
आणि म्हातारीचा आवाज :
"ऱ्हाव जरा, इमान जाव दे."

चौथं मी रात्री ऐकलं, बायको झोपल्यावर,
मात्रा मोजायच्या नाहीत असं ठरवून.
बोटं मांडीवर होतीच.
मधेच तीन ठोके.
दोन जवळ, एक लांब.

फेब्रुवारीत गेलो होतो त्याच्याकडे,
विकलेल्या व्हॅनमधला माझा वाटा मागायला.
दार उघडायला त्याने चार मिनिटं लावली,
जिन्यात उभा राहून मी त्याची सात पिढ्यांची उजळणी केली.

तो आत गात होता.
माझ्या ठोक्यांवरच पुढचं कडवं उचललंय त्याने,
अर्धी मात्रा उशिरा,
नेहमीसारखा.

पैसे अजून दिलेले नाहीत.
मी चौथं पुन्हा लावतो.
तिसऱ्या ठोक्यानंतर
गोधडीतून गाळून येतं विमान,
आणि या खेपेला तो थांबत नाही,
म्हातारीही काही बोलत नाही.
मी हात मांडीवरून उचलून धरतो,
ते जाईपर्यंत.