रकाना सात

बोडीटोल्यात पहिल्यांदा गेले तेव्हा
माझ्या फाइलीत अकरा रकाने होते.
सातवा : बालकाच्या अडचणी.
जागा त्यालाच सगळ्यात जास्त, अर्धं पान.

दुर्पताबाई जाळ्याला गाठ मारत होती.
मान वर न करता म्हणाली,
"तो का करते, ते लिव ना आधी."

त्याला रकाना नव्हता.

अंशुलनं टोपल्यात हात घातला,
वाकडी बोटं, सावकाश,
डोळे गच्च मिटून एकेक नाव सांगू लागला.
मला काही कळेना.
"मरळ म्हनते तो," सहावीतली बहीण बोलली,
"आता झिंगा."
तिचंही नाव माझ्या कागदावर नव्हतं.

भिंतीशी निळी चाकाची खुर्ची.
भंडाऱ्याहून आणली होती, फोटो काढून.
दारातून आत जात नाही,
वर्षभर तिच्यावर कोंबडी अंडी घालते.
आमच्या नोंदीत : लाभ दिला.

मी पेनाला टोपण लावलं.

ध्येय म्हणून मी घरूनच लिहून आणलं होतं,
दहा पावलं, आधाराविना.
शालिक बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"डोंग्यात बसता आलं पायजे त्याले. माह्यासंगं."
आणि दुर्पताबाई, जाळ्याकडेच बघत,
"मले एक दुपार झोपाचं हाय."

हे कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

सयत्राबाई कुडापलीकडून ऐकत होती.
"मंगळवारी मी बसतो त्याच्यापाशी," म्हणाली,
"पन तो माह्या बकरीले चिडवते, सांगून ठेवतो."

भादूजी सुतारानं सुतळीनं माप घेतलं,
गुडघा ते टाच, कंबर ते मान.
अंशुलला गुदगुल्या; माप दोनदा चुकलं.
फळी निघाली शाळेच्या जुन्या फळ्याची,
मास्तरांनी सहीशिवाय दिली.
अंशुल डोंग्यात टेकून बसला
की त्याच्या पाठीमागे अजून पुसट दिसतं,
आजचा सुविचार,
आणि पुढे काहीच नाही.

परवा गेले तर बहीण म्हणाली,
"मॅडम, डोळे मिटा, तो शिकवते."
टोपल्यात हात घातला.
शिंगीनं काटा मारला.

अंगण हसलं.
अंशुलचं हसू सगळ्यात उशिरा आलं
आणि सगळ्यांचं थांबलं तरी
चालूच राहिलं.