निचरा

डोळे पांढरे होणं आपल्याकडे काही चांगलं नाही.
माझे झाले, लीड्समध्ये, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी.
दोन वर्षं हळदीत बुडालेले होते ते.
बर्नाडेट नावाच्या नर्सनं आरसा धरला,
म्हणाली, बघ लव्ह.
मी खालची पापणी ओढून पाहिली, जीभ काढून पाहिली,
आणि मग विचारलं, चारू?

चारू एक मजला खाली.

तिच्या बरगडीखालून एक नळी निघते
आणि पलंगाला टांगलेल्या पिशवीत उतरते.
काल साठ मिलिलिटर. आज एकशे नव्वद.
रंग हिरवट, मुरलेल्या लोणच्याच्या तेलासारखा.
कापलेल्या कडेवरून पित्त झिरपतंय, डॉक्टर म्हणाले,
होतं असं काही दात्यांना,
बहुतेकदा आपोआप थांबतं.
'बहुतेकदा' हा शब्द त्यांनी
काठोकाठ भरलेला कप ठेवावा तसा ठेवला.

सहीच्या आधी एका तिऱ्हाईत बाईंनी
तिला एकटीला बसवून तासभर विचारलं होतं :
कुणाचा दबाव? काही पैसे? काही वस्तू?
चारूनंच सांगितलं मला, हसत.
"म्हटलं, दबाव कसला,
हा तर कॅरममध्ये राणीसुद्धा मला घेऊ द्यायचा."
खोटं आहे ते. कधीच घेऊ दिली नाही मी.

सहा वर्षं आम्ही बोललो नव्हतो
हे तिनं त्या बाईंना सांगितलं की नाही, ठाऊक नाही.
आईच्या पाटल्या. चार.
चारही माझ्याच कपाटात आहेत.
शेवटच्या फोनवर तिचं पित्त खवळलं होतं
तेव्हा मी फोन टेबलावर ठेवून
आवाज बंद केलेलं क्रिकेट पाहत होतो.

चौथ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं.
माझ्या गालांवर रंग आला होता.
लिफ्टच्या स्टीलमध्ये तो दिसला आणि लाज वाटली.
ती कुशीवर वळत होती, थांबत थांबत,
अंधारात जिना उतरावा तशी.
हॅरोगेटला चष्म्याच्या दुकानात
लोकांचे डोळे तपासते ती.
मला म्हणाली, वाच.
काय?
पिशवीवरची सगळ्यात खालची रेघ.
मला वाचता येईना.
"आता बघ. हे भिंग बरं, की हे?"
रिकाम्या बोटांनी दोन भिंगं धरली तिनं माझ्यापुढं
आणि हसली,
आणि हसताना कुठं दुखलं
ते दोघांनाही कळलं.

आई तिला काळजाचा तुकडा म्हणायची.
तिलाच. मला नुसतं 'मोठा'.
किती जळलो मी त्या दोन शब्दांवर.
आता तो तुकडा माझ्यात आहे,
सातशे वीस ग्रॅम, कागदावर नोंद आहे.
वाढतोय म्हणतात.
तिच्यात उरलेलाही वाढतोय म्हणतात, त्याच्या त्याच्या गतीनं,
ताप असला तरी.

मिरजेहून फोन येतात.
दादा कसा? दादा जेवला? दादा चालला?
आणि चारू?
अगं ती काय, देणारी. धडधाकट.
हे बोलणारा मीच होतो, पहिल्या दोन दिवसांत.

उद्या तिच्या घशातून दुर्बीण घालून
आत एक बारीक नळी बसवणार आहेत.
पुन्हा फॉर्म. पुन्हा सही.
तिनं नीट वाचून केली म्हणे,
एक स्पेलिंगही दुरुस्त करून दिलं.

पाटल्यांचं बोलायचं राहिलंय.
आत्ता बोललो
तर त्या बाईंचा तिसरा प्रश्न खरा होतो.
नंतर बोललो, तर नंतर.
आधी बोलायला हवं होतं, ते सहा वर्षं.

रात्रीचे तीन. बर्नाडेट म्हणते,
तुझं काम झोपायचं, लव्ह.
मी पांढऱ्या डोळ्यांनी छताकडे बघत पडतो.
खाली आत्ता कुणीतरी
ती पिशवी रिकामी करत असेल,
आधी उजेडाकडे धरून
किती भरली ते लिहून घेत.